पाटावरची सुपारी

“म्हणजे विचारांचं जग वेगळं, आणि आपलं हे जग त्याची नुसती सावली. असंच ना?” अच्युतबुवांनी विचारलं.

“अगदी तसंच, बुवा,” शाल्मली म्हणाली.

तिला वाटलं होतं, प्रवरेकाठच्या या मठात वाद रंगेल, बुवा ग्रंथांतली वचनं काढतील आणि आपण त्यांना पुरून उरू. सातासमुद्रापार राहून तिने हाच विषय घोटला होता. प्रत्यक्षात बुवा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, आणि भरल्या पोटी त्यांचे डोळे मिटू मिटू करत होते.

“कागदावर वर्तुळ कधीच नेमकं उमटत नाही,” ती हट्टाने पुढे म्हणाली. “तरी नेमकं वर्तुळ असतंच ना? तसाच न्याय, तशीच करुणा. सगळं तिथे आहे, शुद्ध. आपल्या वाट्याला येतं ते उष्टं.”

“म्हणून संन्यास?”

“हो. उद्याच दीक्षा द्या.”

“आणि आई? एकुलती एक तू. रोज फोनवर रडते म्हणालीस.”

शाल्मली म्हणाली, “आई ही वात्सल्याची सावली, बुवा. मला मूळ वात्सल्य हवंय.”

“अरे वा! हे आईला सांगितलंस?”

“...नाही.”

“शहाणी आहेस.”

दीक्षा मागणाऱ्याने आदल्या दिवशी आपल्या हातांनी गणपती पुजायचा, ही मठाची रीत. शाल्मलीने सकाळीच पूजा केली होती. पाटावर विड्याचं पान, पानावर मूठभर तांदूळ, तांदळांवर सुपारी. तोच गणपती. संध्याकाळी उत्तरपूजा व्हायची. अक्षता वाहून सुपारी जराशी हलवली, की देव आपल्या घरी आणि सुपारी खाणाऱ्याच्या मुखी.

बुवांनी पाटाकडे पाहिलं. “तुझा सकाळचा गणपती कुठे आहे गं?”

“विचारांच्या जगात.”

“आणि तिथे पाटावर?”

“नुसती सुपारी.”

“बरं झालं बाई! जेवल्यापासून तोंड नुसतं चाळवतंय.” बुवांनी चंचीतून अडकित्ता काढून तिच्यापुढे धरला. “फोड बघू.”

शाल्मली हसली. अडकित्ता घेऊन पाटापाशी बसली. हात पुढे केला.

बोटं सुपारीच्या वर थांबली.

तिने हात मागे घेतला, पुन्हा पुढे नेला... तो पुन्हा थांबला.

“अडकित्ता बोथट झालाय का?” बुवांनी विचारलं.

“...विसर्जन व्हायचंय अजून.”

“कुणाचं?”

शाल्मली ओशाळली. “सवय आहे ही, बुवा. लहानपणचा संस्कार.”

“असेल. मग मोड सवय. सावलीला काय भ्यायचं?”

तिने ओठ घट्ट मिटले. अडकित्त्याचं पातं उघडलं. बराच वेळ ते तसंच उघडं राहिलं. मग तिने ते हळूच मिटलं.

“नाही जमत.”

“हात कुणी धरला?”

“कुणीच नाही.”

“वरून कुणी उतरलं?”

“नाही.”

“मग सुपारीच कडक असेल.”

शाल्मलीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

“सुपारीशी हात थांबला,” ती पुटपुटली. “आईला सावली म्हणताना जीभ नाही थांबली.”

बुवांनी तिच्या हातातून अडकित्ता काढून घेतला आणि चंचीत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा नदीवर धोतर धूत होते. शाल्मली घाटाच्या पायऱ्या उतरून आली. तिच्या अंगावर तिचेच रोजचे कपडे होते.

“बुवा, दीक्षा नको. आज घरी जाते. आईपाशी राहीन, तिच्याशी नीट बोलेन. मग शिकायला येईन, तुम्ही घेतलंत तर.”

“बरं.”

ती घुटमळली.

“पण एक सांगाच. विचारांचं जग वेगळं आहे... की नाही?”

बुवांनी ओल्या धोतराचं एक टोक तिच्या हातात दिलं. दुसरं टोक धरून ते मागे मागे गेले, धोतर ताणलं जाईपर्यंत.

“तू तिकडून पीळ,” ते म्हणाले. “मी इकडून पिळतो.”