सायलसची परात

फार वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियाच्या नद्यांत सोनं सापडू लागलं, तेव्हाची ही गोष्ट. एक खेचर आपल्या मालकाच्या, सायलसच्या, सोन्याच्या थैल्या पाठीवर घेऊन नदी ओलांडत होतं; सायलस लगाम धरून पाण्यातून शेजारी चालत होता. मध्यावर लोंढा आला. पाणी खेचराच्या नाकाला टेकलं.

“मालक, थैल्या फेका आणि माझी शेपटी धरा!”

सायलसने शेपटी धरली. थैल्या मात्र ओढून स्वतःच्या कमरेला आवळल्या.

खोगिराला टांगलेली रेती धुऊन सोनं वेगळं करायची परात ओरडली, “अहो, रोज मला पाण्यात हलवता ना? हलकं वाहून जातं, जड तळाशी बसतं!”

“म्हणून तर श्रीमंत झालो!” सायलस खेकसला.

तेवढ्यात शेपटी हातातून निसटली.

खेचर धडपडत काठाला लागलं. त्याने मागे पाहिलं. पाण्यावरून सायलसची टोपी तेवढी वाहत चालली होती.