दोर धरणारा

"मग चूक कुणाची, बुवा?"

केवलगिरी बुवा मठाच्या विहिरीपाशी दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा हेरंब वाकणकर, साखर कारखान्यात सुधारणांचा प्रमुख. कुठलं काम कमी माणसांत आणि कमी वेळात उरकेल ते शोधायचं नि तडीस न्यायचं, यात त्याचं आयुष्य गेलेलं. चेअरमनसुद्धा त्याच्या ओंजळीनं पाणी पीत!

"चौकशीत काय निघालं?"

"माझा दोष नाही म्हणाले."

"मग इथं कशाला आलास?"

"तुम्हीही तेच म्हणावं म्हणून... झोप लागत नाही हो."

मेला तो कारखान्यातला कामगार, लिंबाजी खरात. मळीची टाकी धुवायला आत उतरला आणि विषारी वाफेनं घुसमटून गेला. त्याच्या बायकोनं हेरंबला शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "त्यांनी हाक मारली असंल का हो?"

मारली असेल. पण ऐकायला वर कुणी नव्हतं. पूर्वी असायचा एक माणूस, हेरंबनंच त्याला काढून टाकलं होतं.

"का काढलंस?"

"दोर धरून दिवसभर नुसता उभा असायचा, बुवा! मी स्वतः पाहिलं. काम म्हणाल तर काडीचं नाही. दोर कठड्याला बांधला की झालं."

"बरं..."

बुवांनी वळलेला दोर उचलला.

"कळशी पडलीय विहिरीत. माझे गुडघे ऐकत नाहीत. काढून देतोस?"

त्यांनी दोराचं एक टोक चिंचेला बांधलं, दुसरं हेरंबच्या कमरेला. हेरंब उतरला. आत अंधार, दगडांवर शेवाळ. पाय सटकला आणि तो गळ्यापर्यंत पाण्यात गेला. त्यानं वर पाहिलं. काठावर बुवांचं डोकं दिसलं, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

मग ते डोकंही दिसेनासं झालं.

"बुवा! अहो, कुठं निघालात?"

"मठात. दोर बांधलाय की घट्ट."

आवाज लांब गेलेला. हेरंबची पाचावर धारण बसली.

"जाऊ नका! पाया पडतो तुमच्या... काही करू नका, नुसते उभे राहा हो तिथं!"

पावलं थांबली.

"नुसता उभा राहून काय करू, हेरंबा?"