एका आवाजाचा ढीग

बटाटे बोलत असत, त्या काळची गोष्ट. ठकूबाईने बटाट्याच्या झाडांवरची हिरवी फळं बियांसाठी फडक्यात बांधली, तशी घरातल्या ढिगातून कुणी हसलं, "विषारी मेली ती! फेकून दे."

"कोण रे बोललं?"

"मी," सगळा ढीग एकाच आवाजात म्हणाला. पिढ्यान् पिढ्या एकाच बटाट्याच्या फोडी लावून वाढलेला तो! ठकूबाईच्या अंगावर काटा आला.

आठवड्याने एकाला सड लागली. "मी कुजतोय," तो म्हणाला.

"मी कुजतोय," ढीग म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत सगळं सामसूम झालं.

ठकूबाईने फडकं सोडून बिया पेरल्या. रोपं वर आल्यावर भीतभीतच विचारलं, "कोण आहे?"

घोगरे, किनरे, बोबडे आवाज उठले आणि लगेच आपसांत भांडू लागले. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.