गच्चीवर पडेल ते मालकाचं

ही गोष्ट अगदी खरी. त्या घरात बसून मी स्वतः चहा प्यायलोय. म्हणजे घर बाहेरूनच पाहिलंय आणि चहा समोरच्या टपरीवर घेतला; पण गोष्ट खरी.

नागपुरात गोतमारेसाहेबांनी भाड्याच्या उत्पन्नासाठी तीन बिऱ्हाडांचं घर घेतलं आणि तळमजल्यावर स्वतः राहायला आले. संक्रांतीला त्यांनी गच्चीला कुलूप ठोकलं. सर्वांत वर आधीपासून भाड्याने राहणाऱ्या मंदाताई ठवकर आपला कटलेला पतंग मागायला गेल्या, तर साहेब म्हणाले, "बाई, माझ्या गच्चीवर पडेल ते माझं."

पावसाळ्यात ती गच्ची गळू लागली. मंदाताईंच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर धार लागली.

"पाणी तुमच्या घरात आहे ना?" साहेबांनी हात झटकले. "मग दुरुस्ती तुम्ही करा, नाहीतर जागा सोडा."

एवढ्या वर्षांचं बिऱ्हाड मंदाताई कुठे नेणार? त्या वर गेल्या आणि धारेखाली बादली लावली.

दुसऱ्या दिवशी रिकामा मधला मजला पाहायला एक गृहस्थ आले. साहेब घराची तारीफ करत होते, तोच मंदाताई भरलेली बादली घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, हे तुमचं. गच्चीवर पडलं आणि चुकून माझ्या ओट्यावर आलं. कुठे ओतू?"

गृहस्थांनी विचारलं, "रोज आणून देता?"

"द्यावंच लागतं. दुसऱ्याची वस्तू ठेवून कशी घेऊ?"

संध्याकाळी गच्चीवर गवंडी चढला, साहेबांच्या खर्चाने.

आता कबूल करतो, ते गृहस्थ मी पदरचे घातलेत. साहेब एकटेच होते आणि तरीही वरमले. पण ते कुणाला पटलं असतं?