साळिंदराची खुळखुळ

एका जंगलात, एका टेकडीच्या पांढऱ्या मातीच्या उतारावर, एक साळिंदर राहत असे. उकरण्याचा त्याला इतका नाद, की झोपेतसुद्धा त्याचे पंजे थांबत नसत. एकदा ते आपल्या बिळात झोपलं आणि जागं झालं ते थेट सशाच्या घरात. ससा म्हणाला, "आलाच आहात तर दोन घास खाऊन जा." तुम्ही हसाल, पण हे मला खुद्द सशानं सांगितलं आहे, आणि ससा अगदी माझ्याइतकंच खरं बोलतो.

त्या उताराची माती मोठी विचित्र होती. तिच्यावरून पाय फिरत राहिले, तर ती दगडासारखी घट्ट होई. कुणी फिरकलंच नाही, तर रुसल्यासारखी आपोआप ढासळे. अशा मातीत साळिंदरानं एक खेळ मांडला होता. वरच्या तोंडातून भुयारात शिरायचं, आत मनसोक्त हरवायचं, कुठंतरी लपवलेला कंद हुडकायचा आणि खालच्या तोंडानं बाहेर पडायचं. तुमच्या मोबाईलवरच्या खेळात ज्याला लेव्हल म्हणतात, त्याला त्या उतारावर वळण म्हणत. एक वळण पार झालं की पुढचं, त्याहून अवघड.

खेळाचा नियम एकच होता. वाट सापडेनाशी झाली, तर जमिनीवर शेपटी आपटायची. साळिंदर खालच्या तोंडाशी बसलेलं असे. ठोका ऐकू आला की ते पाठीवरचे काटे हलवी. खुळ् खुळ् खुळ्! तो आवाज मातीतून लांबवर पोचे. आवाजाच्या रोखानं चालत राहिलं की बाहेर. त्यामुळे अगदी भित्र्यातलं भित्रं पिल्लूसुद्धा बिनघोर आत शिरलं असतं.

शिरलं असतं म्हणतो, कारण असा काही खेळ आहे हे जंगलात कुणाला ठाऊकच नव्हतं. साळिंदर कुणाला सांगेल तर शपथ! "एवढं एक वळण होऊ दे, मग सांगू," असं ते स्वतःशी म्हणे आणि पुन्हा मातीत तोंड खुपसे. इकडे पुढचं वळण तयार होई, तोवर तिकडे मागचं ढासळून जाई. पाय फिरले नाहीत तर दुसरं काय होणार!

खेळायला येई ती एकटी एक म्हातारी घोरपड. तिच्या एका डोळ्यात सारा पडून त्यानं दिसेनासं झालं होतं. पहिल्यांदा आली तीही चुकून, रिकामं बीळ समजून. पण मग रोज येऊ लागली. तिचं पोट आणि शेपटी घासून घासून भुयाराची जमीन सारवल्यासारखी गुळगुळीत झाली. ती जिथून जाई तेवढीच वळणं काय ती टिकून होती.

एकदा साळिंदरानं तिला विचारलं, "मावशी, तीच तीच वळणं खेळून तुम्हाला कंटाळा नाही का येत?"

"येतो की रे. म्हणून तर तुझ्यामागं लकडा लावते, नवीन काढ, नवीन काढ म्हणून," घोरपड म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण बाळा, बाहेर मी दिवसभर कुणाला दिसले नाही, तरी कुणी विचारत नाही. इथं शेपटी आपटली की कुणीतरी खुळखुळवतं. हरवायचंच तर अशा ठिकाणी हरवावं."

साळिंदरानं उगीचच काटे खुळखुळवले.

हे सगळं जवळच्या झाडावरून एक कोतवाल पाहत होता. कोतवाल म्हणजे तो काळाभोर, कात्रीसारख्या शेपटीचा पक्षी. त्याच्या गळ्यात सगळं जंगल बसलेलं होतं. तो कोल्ह्यासारखा ओरडला की कोल्हीण "आले हो!" म्हणून ओ देई. स्वतःचा आवाज कसा होता हे मात्र तो बहुधा विसरला असावा. तो खाली उतरला आणि म्हणाला, "साळिंदरराव, एवढा डोंगर पोखरलात, आणि खेळायला कोण? तर ही एकटी आजी!"

"आजी तुझी असेल घरी," घोरपड म्हणाली.

"खेळ चांगला असला तर येतील आपोआप," साळिंदर म्हणालं.

"आपोआप पानं गळतात, साळिंदरराव. बाकी कुणाला यायचं असेल तर हाक मारावी लागते. तुमची माती काय ओरडून सांगणार आहे?"

साळिंदराला राग आला. पण आदल्याच रात्री आणखी एक वळण ढासळलं होतं, आणि ते वळण त्याचं फार लाडकं होतं. त्यानं कोतवालाशी करार केला. सकाळभर साळिंदरानं नवी वळणं खणायची. उन्हं कलली की कोतवालानं हाका मारायच्या आणि साळिंदरानं तोंडाशी बसून आलेल्यांचं पाहायचं. करार शहाणपणाचा होता. असे करार मोडायलाच केलेले असतात की काय, कोण जाणे.

काही काळ मात्र मजाच मजा झाली. कोतवाल सशांना सशाच्या आवाजात बोलावी, मुंगसांना मुंगसाच्या. ससे आले, मुंगसं आली, उदमांजरं आपली मिजास सांभाळत आली. शेकडो पायांखाली माती घट्ट झाली. वळणं ढासळायची थांबली. साळिंदराला पहिल्यांदाच मागं वळून पाहता आलं, आणि मागं खणलेलं सगळं जागच्या जागी उभं होतं. त्याच्या अंगात असा काही हुरूप आला, की त्यानं एक वळण गोगलगाईच्या शंखासारखं काढलं, आणि एक असं काढलं, की आत शिंकलं तर शिंक बाहेर पडायला संध्याकाळ होई. घोरपड त्या वळणातून धुळीनं माखून बाहेर आली आणि म्हणाली, "आज खरी हरवले रे बाबा!" इतकी खूश तिला कुणी कधी पाहिली नव्हती.

पण गर्दीचं तोंड मोठं असतं. थोड्याच काळात ससे म्हणू लागले, "हे झालं आमचं पाहून. पुढं काय?" कोतवाल काळजीत पडला. त्यानं सगळ्या हाका मारून पाहिल्या. शेवटी एकदा त्यानं सहज साळिंदराच्या खुळखुळीची नक्कल केली, आणि काय सांगावं! झुडपाझुडपांतून कान वर झाले. एकदा तरी आत हरवलेला प्रत्येक जण त्या आवाजाच्या मागं बाहेर आलेला होता. खुळखुळ कानावर पडली की पाय आपसूक तिकडे वळत.

कोतवाल धापा टाकत आला. "साळिंदरराव, तुमच्या पाठीवर सोनं आहे आणि तुम्ही ते बिळात घेऊन बसलात! माझी नक्कल ओढ्यापर्यंतच पोचते. तुमची खरी खुळखुळ मातीतून जाते. तुम्ही टेकडीच्या माथ्यावर बसून खुळखुळवा. पलीकडचं जंगलसुद्धा येईल."

"मग खणायचं कुणी?"

"उद्या खणा की. माती कुठं पळून जाते?"

"आणि आत कुणी शेपटी आपटली तर?"

"मी आहे ना तोंडाशी! मला येते खुळखुळ."

साळिंदर टेकडीवर गेलं. त्यानं काटे हलवले, आणि दरीतून, पठारावरून, कधी न पाहिलेली जनावरं रांगा धरून येऊ लागली. मुलांनो, काल-परवापर्यंत ज्याला एका म्हातारीखेरीज कुणी विचारलं नव्हतं, त्याला हे दृश्य कसं दिसलं असेल? दुसऱ्या दिवशीही ते टेकडीवर गेलं. मग रोजच जाऊ लागलं. पंजे मऊ पडले. काटे मात्र चमकायला लागले.

खाली भुयाराच्या आतल्या टोकाशी नवं वळण अर्धवट पडलं होतं. टेकडीच्या दिशेनं त्याचं नुसतं तोंड पाडलेलं, आत थोडी कच्ची वाट, कुणाच्याही पायाखाली न मळलेली. कोतवालानं त्या तोंडाभोवती रानफुलं खोवली आणि जंगलभर हाकाटी केली, "आजवर न पाहिलेलं वळण! शेवटाला मधाचं पोळं!"

"अहो, ते अजून झालं कुठंय?" साळिंदर म्हणालं.

"फुलं लावलीत. झाल्यासारखं दिसतंय. आधी गर्दी होऊ द्या, वळण मागाहून होईल."

घोरपडीनं फुलं पाहिली. टेकडीकडे निघालेल्या साळिंदराला तिनं हटकलं, "बाळा, झालं का रे ते वळण?"

"उद्या, मावशी. उद्या नक्की. आज आत जाऊ नका, माती कच्ची आहे."

"बरं. नाही जात," घोरपड म्हणाली, आणि आपल्या नेहमीच्या वाटेनं आत गेली.

त्या दिवशी उतारावर जत्रा लोटली होती. भुयारांत एवढी धावाधाव झाली, की धुळीचे लोट उठले. घोरपडीचा जो एक डोळा चालत होता, तोही धुळीनं मिटला. तिच्या पोटाच्या आणि शेपटीच्या ओळखीच्या खुणा परक्या पायांनी पुसून गेल्या होत्या. ज्या भुयाराचा कोपरा न् कोपरा तिला पाठ होता, तिथं ती खरोखर हरवली. घाबरली मात्र नाही. तिनं शेपटी आपटली.

तोंडाशी कोणी नव्हतं. ओढ्यापलीकडे मुंगसांचा एक नवा कळप दिसला, म्हणून कोतवाल त्यांना हाका मारायला गेला होता. "हा आत्ता येतो," असं तो म्हणाला होता. पण ऐकायला तरी कोण होतं?

घोरपडीनं पुन्हा शेपटी आपटली. आणि तिला ऐकू आली, मातीतून, लांबून, पण अगदी स्पष्ट. खुळ् खुळ् खुळ्. टेकडीच्या माथ्यावर बसलेलं साळिंदर पलीकडच्या जंगलाला बोलावत होतं. आवाज फुलं लावलेल्या तोंडाकडून येत होता. त्या तोंडाची माती कच्ची आहे, हे तिला माहीत होतं. पण खुळखुळ तिकडूनच येत होती, आणि खुळखुळीनं तिला कधी फसवलं नव्हतं. ती तिकडे चालू लागली.

दिवस मावळता साळिंदर खाली उतरलं. त्याच्यामागं मोठी रांग होती. छाती फुगवून ते म्हणालं, "मावशी दिसत नाहीत? त्यांना ही गर्दी दाखवायची आहे."

एक ससा म्हणाला, "मघाशी आत शेपटी आपटल्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. आम्हाला वाटलं, नव्या वळणातली गंमत असेल."

साळिंदर तसंच आत घुसलं. फुलं खाली पडली होती आणि त्यांच्या पुढं वाट नव्हती, नुसती माती होती. फुलांपाशी पोट घासल्याची खूण आणि शेपटीची रेघ आत गेलेली दिसत होती. बाहेर आलेली दिसत नव्हती.

मग साळिंदर खणायला लागलं. त्याचे मऊ पडलेले पंजे फुटले, तरी थांबलं नाही. दिवस उजाडले आणि मावळले, आणि ते टेकडीच्या पोटातून डावीकडे, उजवीकडे, वर, खाली खणत राहिलं. मधूनच थांबून काटे हलवी आणि मातीला कान लावी. शेवटी ते टेकडीच्या पलीकडच्या अंगानं उजेडात बाहेर पडलं, एकटंच. मागं वळून पाहिलं, तर जंगलाला कबूल केलेलं वळण तयार झालं होतं. तसं लांब आणि तसं अवघड वळण त्यानं आयुष्यात काढलं नव्हतं.

या जागी मी एरवी सांगतो, की घोरपड पलीकडच्या खोऱ्यात निघाली आणि तिथं मध खाऊन लठ्ठ झाली. फार लहान मुलं समोर असली की तसं सांगावं लागतं. तुम्ही आता तेवढे लहान नाही.

खेळायला पुन्हा कुणी आलं नाही. आता जंगलात खुळखुळ ऐकू आली की जनावरं उलट दिशेला चालू लागतात. पाय फिरत नाहीत म्हणून एकेक वळण ढासळत गेलं. ते शेवटचं वळण मात्र साळिंदर पुन्हा पुन्हा खणून काढतं, आणि संध्याकाळी तोंडाशी बसून काटे खुळखुळवतं. कोतवाल एकदा आला होता. मान खाली घालून म्हणाला, "साळिंदरराव, हाका मारू का?"

"कुणाला?" साळिंदरानं विचारलं.

अजूनही कोतवाल जवळच्या फांदीवर बसतो, पण हाका मारत नाही. त्याला सगळ्या जंगलाचे आवाज येतात. मातीवर शेपटी आपटल्याचा ठोकाही त्याला सहज काढता आला असता. साळिंदर कान लावून बसलेलं असताना तेवढं एक मात्र त्यानं कधी केलं नाही.

तात्पर्य : खेळ मांडून नुसते खणत बसणाऱ्याकडे कोणी फिरकत नाही, म्हणून हाका जरूर माराव्यात, पण हाका मारायला इतके दूर जाऊ नये, की आत आलेल्याची हाक आपल्याला ऐकू येणार नाही.