तोफेच्या आवाजाखाली

“...पण सर, अंधार किती खोल दिसतोय, ते पाहिलंत का?”

पुष्करने चित्र थांबवलं. टीव्हीवर रात्रीचा डोंगर होता आणि उतारावर दबा धरून बसलेले शिपाई.

रणदिवे सर खुर्चीत टेकून बसले होते. आयुष्यभर त्यांनी चित्रपटांचं ध्वनिमुद्रण केलं, ते शिकवलं आणि म्हातारपणी साताऱ्याकडच्या आपल्या गावी येऊन राहिले. पुष्कर त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. घरी बघायच्या डिस्कचं चित्र कसं, आवाज कसा, याचा निवाडा तो एका साप्ताहिकात देत असे. आज तो एका जुन्या युद्धपटाची नवी डिस्क घेऊन आला होता. स्पीकरसुद्धा स्वतःचे आणले होते.

“दिसतोय,” सर म्हणाले.

“गणवेशाची वीण मोजता येईल, इतकं स्वच्छ आहे. चित्राला पैकीच्या पैकी. आता आवाज ऐका.”

गोळा पाठीमागून आला, डोक्यावरून गेला आणि समोर फुटला. खिडकीच्या काचा थरथरल्या. एक कोवळा शिपाई मातीत कोसळला.

त्याच वेळी दारात भांडं आपटलं.

शेजारच्या हौसाबाई दूध घेऊन आल्या होत्या. चरवी हातातून सुटली होती. दूध उंबऱ्यावरून आत वाहत होतं.

पुष्कर हसला.

“बघा सर! याला म्हणतात आवाज. मावशींना खराच गोळा पडला असं वाटलं.” त्याने दृश्य मागे नेलं. “आता घाबरू नका हं, मावशी.”

पुन्हा गोळा आला. पुन्हा काचा थरथरल्या.

हौसाबाई तशाच उभ्या.

“वहिनी, आत या. बसा,” सर म्हणाले. मग शांतपणे पुष्करला म्हणाले, “यांचे यजमान लढाईत गेले. सीमेवर. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.”

पुष्करच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं. ते पुसावं कसं, त्याला कळेना.

“मला... माहीत नव्हतं.”

त्याने रिमोट उचलला.

“बंद करतो मी.”

“ऱ्हाऊ द्या,” हौसाबाई म्हणाल्या. “त्यो पोरगा... पडल्यावर कायतरी म्हनला. काय म्हनला?”

 आठवडाभर पुष्करने हे दृश्य पुन्हा पुन्हा लावलं होतं. गोळा कुठल्या स्पीकरमधून निघतो, स्फोट किती वेळ घुमतो, सगळं लिहून छापायलाही पाठवलं होतं. पोरगा काही बोलतो, हेच त्याच्या गावी नव्हतं.

त्याने दृश्य परत लावलं. ओठ हलत होते. शब्द स्फोटाखाली गाडला जात होता.

आवाज कमी केला. नाही. वाढवला. नाही.

शेवटी त्याने बाकीच्या स्पीकरच्या वायरी काढल्या, जमिनीवर गुडघे टेकले आणि ज्यातून संवाद येतात त्या मधल्या स्पीकरला कान लावला. मागे सर फडक्यानं दूध पुसत होते. ते काम आपलं होतं, हे त्याला कळत होतं. उठवत मात्र नव्हतं.

...मग ऐकू आलं.

पाणी.

मान वर करायचा त्याला धीर होईना.

“कळलं का?” हौसाबाईंनी विचारलं.

“नाही मावशी... नीट नाही कळलं.”

त्या थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

“पानीच मागितलं असंल,” त्या म्हणाल्या. “आमच्या मालकांनीबी मागितलं हुतं. त्यांचा दोस्त सांगाय आला हुता. रडत हुता बिचारा. वरनं गोळं पडत हुतं म्हनला, जवळ जाता आलं न्हाई.”

पुष्करने हात जोडले.

हौसाबाई आत स्वयंपाकघरात गेल्या. माठावरचं झाकण वाजलं. बाहेर आल्या, तेव्हा हातात तांब्या होता. तो त्यांनी पुष्करच्या समोर ठेवला आणि रिकामी चरवी उचलून त्या निघून गेल्या.

पुष्कर तांब्याकडे बघत राहिला. हात पुढे होईना.

“सर... मी कसा पिऊ हे?”

सरांनी तांब्या उचलून त्याच्या हातात दिला.

“पी. कुणीतरी प्यायला हवं.”