एकवीस पत्ते

राजे गडावर राहत आणि न्यायही तिथेच होई, त्या काळची ही गोष्ट.

एका गडावर रायाजी नावाचा खेळ्या होता. गंजिफेचे गोल पत्ते घेऊन तो खेळ करी. एकवीस पत्त्यांतला एक तुम्ही मनात धरायचा. रायाजी पत्ते सात-सातच्या तीन ओळींत मांडी आणि विचारी, "कोणत्या ओळीत आहे?" तुम्ही दाखवाल ती ओळ उचलून तो मधोमध ठेवी. असं तीनदा केलं, की तुमचा पत्ता बरोबर अकरावा येई.

हे साधं गणित होतं. पण लोक हात जोडून म्हणत, "याच्या पत्त्यांत देव आहे." पहिल्यांदा रायाजी हसून नाही म्हणाला. पुढे नुसताच हसू लागला. शेवटी तो डोळे मिटून घेऊ लागला.

एकदा रात्री गडाचा दरवाजा उघडला आणि शत्रूने लूट नेली. तो आतूनच कोणी उघडला, असं सगळे म्हणाले. पहाऱ्यावर एकवीस जण होते. राजाने त्यांची नावं पत्त्यांवर लिहवली आणि रायाजीला बोलावलं.

"एकावर माझा संशय आहे," राजा म्हणाला. "देवालाही तसंच वाटत असेल, तर तुझे पत्ते तेच नाव काढतील."

रायाजीने मनात ओळखलं. ओळ दाखवणार राजा, म्हणजे निघणार राजाच्याच मनातलं नाव! पण भरल्या दरबारात 'मी साधा खेळ्या आहे' असं म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्याने पत्ते मांडले. अकरावा पत्ता निघाला जिवबाचा.

"मी नाही, महाराज! आईची शपथ!" जिवबा ओरडत राहिला. त्याच संध्याकाळी त्याचा कडेलोट झाला. महिन्याभराने सुतार दरवाजा दुरुस्त करायला गेला, तेव्हा अडसर वाळवीने पोखरलेला दिसला; दरवाजा आतून कोणी उघडलाच नव्हता, बाहेरच्या धक्क्याने तो उघडला होता. पण राजाला हे सांगायला कोणी धजेना.

वर्ष उलटलं. गडावरचं धान्याचं कोठार जळालं. तिथे एकवीस माणसं कामाला होती. त्यांत जिवबाची बायको येसू होती. 'माझा धनी निर्दोष होता' असं ती उघड म्हणे, म्हणून राजाचा संशय तिच्यावरच होता.

पुन्हा पत्ते आले. येसू पुढे झाली.

"दादा, मांडा पत्ते," ती शांतपणे म्हणाली. "मागच्या वेळी तुमचे हात कापत होते. ते मी पाहिलं होतं."

रायाजीने पत्ते खाली ठेवले. "महाराज, दुसरं कोणतंही नाव मनात धरा."

राजाने धरलं. अकरावा पत्ता तोच निघाला. "आता तिसरं धरा." तोही निघाला. 

"यात देव नाही, महाराज," रायाजी म्हणाला. "तीनदा ओळ आपणच दाखवता. मी आपलंच उत्तर आपल्या हातात परत ठेवतो."

राजाचा चेहरा उतरला. त्याने येसूला सोडलं आणि पत्त्यांवर न्याय करायचा नाही असा हुकूम काढला. रायाजीला मात्र त्याने शिक्षा दिली नाही. देणार कोणत्या तोंडाने?

येसूने एकच विचारलं, "त्यांच्या वेळी हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग आज माझ्यासाठी बोललात, ते त्यांच्यासाठी का नाही बोललात?"

 ती निघून गेली. पुढे गावोगाव फिरून त्याने आपला खेळ उकलून दाखवला. लहान पोरंही ते गणित शिकली. लोक त्याला शहाणा म्हणत, तेव्हा तो मान खाली घाली.

तात्पर्य : ठाऊक असलेलं सत्य वेळेवर न बोलणं, हेही खोटं बोलणंच आहे.